दोन्ही टोकांना पिन

लाइट गेली की आधी वडिलांची ऑक्सिजनची मशीन ओरडते, मग मी ओरडते. मशीनचं ओरडणं कंपनीनेच बसवून दिलेलं आहे, माझं गेल्या दोन वर्षांत तयार झालं. शाळेत मी तिसरीच्या पोरांवरही आवाज चढवत नाही. पण घरात ती एकसुरी शिटी सुरू झाली की तळपायाची आग मस्तकात जाते आणि समोर कुणी नसलं तर मी मीटरच्या पेटीला बोलते.

आमचं घर राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागांमध्ये. वस्तीवर तीनच घरं आणि आमचं त्यातलं शेवटचं. वडील वीज खात्यात वायरमन होते. या भागातले निम्मे खांब त्यांच्यासमोर उभे राहिले आणि उरलेल्या निम्म्यांवर ते चढलेले आहेत. आता ते समोरच्या खोलीत खाटेवर बसून असतात, नाकात नळी आणि पायाशी मशीन. नळी काढली तर दहा मिनिटांत त्यांचे ओठ निळे पडायला लागतात. जेवताना आणि तोंड धुताना तेवढी काढायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ज्या माणसाने घराघरांत लाइट नेली त्याचा श्वास आता लाइटीवर आहे. हे ऐकून पाहुणे म्हणतात, काय योगायोग! योगायोग कसला डोंबलाचा. चौतीस वर्षं उन्हातान्हात खांबावर काढली आणि खाली उतरला की विडी पेटवली, याला योगायोग म्हणत नाहीत.

आमच्या भागाचा सध्याचा वायरमन कंत्राटी आहे. चाळिशीचा माणूस, वडिलांना अण्णा म्हणणारा, सात गावं एकट्याच्या गळ्यात. त्याचा नंबर मला तोंडपाठ होता. फोन लावला की त्याचं एकच उत्तर यायचं, "बाई, वरूनच गेलीया." हे वर म्हणजे नक्की कुठे, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलायचे. तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही का, पगार कशाचा घेता, इथे येऊन एकदा दहा मिनिटं नाक दाबून बसा. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी "बघतो बाई" म्हणायचा.

आणि हे चाललेलं असताना खाटेवरून वडील, एकेक शब्द तोडत, "त्याला कशाला बोलती? त्यानं काय पिशवीत घालून नेली का लाइट?"

म्हणजे माझा राग दुप्पट. मी ज्यांच्यासाठी भांडतेय तेच समोरच्या पार्टीत.

शनिवार तर आमचा ठरलेलाच. देखभालीसाठी सकाळी नऊपासून लाइट बंद. कधी येणार ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. दोनचे चार होतात, चारचे सहा. घरात एक छोटा सिलिंडर आहे, तो दोन-अडीच तास पुरतो आणि भरून आणायला अर्धा दिवस मोडतो. इन्व्हर्टर आहे, पण ही मशीन लावली की त्याची बॅटरी तासाभरात मान टाकते. त्यामुळे गेल्या वर्षी ठरवलं की आता जनरेटर घ्यायचा.

ठरवलं मी, पण तोंड उघडलं सगळ्या गावाने. मांडववाल्याने सांगितलं डिझेलचाच घ्या, धुराकडे बघू नका. मुख्याध्यापकांनी सांगितलं सोलर घ्या. पुण्याहून धाकट्या भावाने दिवसाला चार व्हिडिओ पाठवले आणि वर फोन केला, "ताई, घेतोच आहोत तर पूर्ण घर चाललं पाहिजे. आम्ही आलो की मुलांना एसीशिवाय झोप लागत नाही." तो वर्षातून दोनदा येतो, गणपतीत आणि दिवाळीत. मी म्हणाले, "जनरेटर बाबांच्या नाकासाठी घ्यायचाय, तुझ्या पोरांच्या झोपेसाठी नाही." तो म्हणाला, "तू लगेच चिडतेस."

हो, चिडते.

वडिलांनी या सगळ्यात एकच गोष्ट सांगितली. पाटीवर खडूने मशीन, पंखा आणि एक ट्यूब यांचे वॅट मांडले, बेरीज केली आणि म्हणाले, "दीड केव्हीएचा बास. अन् चेंजओव्हर बसव. तेवढं इसरू नको."

चेंजओव्हर म्हणजे भिंतीवरचा एक खटका. वर केला की घर खांबाच्या तारेला जोडलं जातं, खाली केला की जनरेटरला. दोन्हींना एकदम जोडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हे मला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती, मी वायरमनची मुलगी आहे. लहानपणी आम्ही लग्नाला गेलो की वडील आधी मांडवामागे जायचे. जनरेटर कसा जोडलाय ते वाकून बघायचे, चेंजओव्हर दिसला नाही तर मांडववाल्याशी भांडायचे, आणि मगच येऊन अक्षता हातात घ्यायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लोक नवरी बघायला येतात, हे जनरेटर बघायला," असं ती बायकांना सांगायची. पण त्यामागचं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांचा एक जोडीदार बंद लायनीवर काम करत होता. जवळच्या लग्नातल्या जनरेटरचा करंट उलटा तारेत आला आणि तो खांबावरच गेला. याला ते लोक रिटर्न म्हणतात. तेव्हापासून वडील घरातल्या इस्त्रीलासुद्धा आधी उलटा हात लावायचे. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे फेकला जातो, तळव्याने धरलं तर मूठ आवळते आणि सुटत नाही. मला ताप आला की कपाळालाही त्यांचा उलटाच हात लागायचा.

तर इतकं सगळं माहीत असलेली मी जनरेटर घ्यायला नगरला गेले.

दुकानदाराने माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मिस्टर नाही आले का मॅडम?" मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे मिस्टरांना आणायची सोय नव्हती. मग त्याने सुरू केलं, एसी किती, फ्रीज किती, गीझर आहे का, बोअरची मोटार किती एचपीची. मी म्हणाले, "एक मशीन, एक पंखा आणि एक माणूस." त्याला वाटलं मी गंमत करतेय. मला जे विचारायचं होतं ते साधं होतं. व्होल्टेज वरखाली होऊन मशीन जळणार नाही ना, मी एकटी असताना तो किती वेळात सुरू होईल, आणि धूर वडिलांच्या खोलीत येऊ नये म्हणून तो किती लांब ठेवता येईल. त्याने मला रंग दाखवले. लाल आणि पिवळा.

एक मॉडेल दोरी ओढून सुरू करायचं होतं. मी ओढून बघितलं. पहिल्यांदा नाही झालं, दुसऱ्यांदा नाही झालं, आणि तिसऱ्या वेळी शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाईमाणसाचं काम न्हाई ते." चौथ्या वेळी सुरू झालं, पण तोवर माझा दंड भरून आला होता आणि त्या माणसाला काहीतरी फेकून मारावं असं मनापासून वाटत होतं. शेवटी किल्लीवर सुरू होणारा घेतला, पेट्रोलवरचा. आणि दीडचा नाही, तीन केव्हीएचा. भावाचा फोन दुकानातच आला होता, "पूर्ण घर" हा शब्द त्याने तीनदा उच्चारला, आणि मी भांडून भांडून थकले होते. परत येताना पंपावर कॅनमध्ये पेट्रोल द्यायला नकार मिळाला. ते शेवटी स्कूटीच्या टाकीत भरून घरी नळीने काढलं.

दुकानाचा फिटर गुरुवारी आला. जनरेटर मागच्या दाराबाहेर ठेवला, चालू करून दाखवला. चेंजओव्हर कुठाय विचारलं तर म्हणाला, "संपलाय मॅडम. सोमवारी आणून बसवतो. तवर ही घ्या." आणि त्याने माझ्या हातात एक वायर ठेवली. लांब, जाड, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक पिन जनरेटरात घालायची, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटात. एरवी करंट सॉकेटातून बाहेर येतो, हिच्यात तो सॉकेटातून घरात शिरतो आणि अख्खं घर चालू होतं. "फक्त आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा. सगळीकडं असंच चालतं."

मेन पाडला नाही तर तो करंट घरात थांबत नाही, मीटरमधून मागे खांबावर जातो. हे फिटरला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. वडील तेव्हा झोपले होते. मी ती वायर शिलाई मशीनमागे ठेवली. ठेवली कसली, लपवली. शनिवार मधेच येत होता आणि चेंजओव्हर सोमवारी. एका दिवसाचा तर प्रश्न, मी लक्षात ठेवून मेन पाडीन, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी माझी सकाळची शाळा असते. तेवढा वेळ वडिलांजवळ शेजारच्या काकू बसतात. नऊला लाइट गेली, त्यांनी नेहमीप्रमाणे सिलिंडर लावला. मी साडेअकराला घरी आले तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात टेकला होता. काकू त्यांच्या घरी गेल्या. स्कूटीवर येताना सबंध रस्ता मी घोकत आले होते, आधी मेन पाडायचा, आधी मेन पाडायचा. मागच्या दारी गेले, वायरीची एक पिन जनरेटरात घातली, दुसरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटात, आणि सुरू तरी होतोय का ते बघायला किल्ली फिरवली. नुसतं घर्र. परत फिरवली, परत घर्र. आत वडील खोकत होते. मी दुकानात फोन लावला, कुणी उचलेना. परत लावला. मग तिथेच उभी राहून मी दुकानदाराला, फिटरला, भावाला, पेट्रोलपंपवाल्याला आणि त्या दोरीवाल्या गिऱ्हाइकाला जे तोंडात येईल ते बोलले. बोलता बोलता दिसलं की पेट्रोलचा कॉक बंद आहे. तो उघडला आणि किल्ली फिरवली तसा जनरेटर सुरू झाला.

त्या रागात मेन राहून गेला.

मशीन चालू झाली. मी वडिलांची नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला. दोन वर्षांत पहिल्यांदा लाइट नसताना माझ्या घरात सगळं चालत होतं आणि मी कुणालाही फोन केला नव्हता. तेवढ्यात काकूंच्या घरातून मोठ्याने टीव्ही सुरू झाला. सकाळी लाइट गेली तेव्हा तो चालूच राहिला असणार.

वडिलांनी मान वर केली. "टीव्ही कुनाचा लागला?"

"काकूंचा."

"लाइट आली?"

"नाही बाबा. आपला जनरेटर चालू आहे," मी म्हणाले. चक्क अभिमानाने म्हणाले.

त्यांनी टीव्हीच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाले, "बंद कर."

मी म्हणाले, "का?"

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. काकूंचा टीव्ही आमच्या जनरेटरवर चालतोय, म्हणजे करंट बाहेरच्या तारेत गेलाय, हे लहान पोरालाही समजलं असतं. पण मी वैतागले होते. मी म्हणाले, "बाबा, आता काही काढू नका. दोन वर्षं मी मरमर मरतेय आणि तुम्हाला दुसऱ्यांचीच काळजी." मी बोलत असतानाच त्यांनी नाकातली नळी ओढून काढली आणि ते उठले. गेले कित्येक महिने मी त्यांना धरून उठवत होते. त्या दिवशी मी दंड धरला तर त्यांनी झिडकारला. भिंतीला हात टेकत ते स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेले, किल्ली फिरवून जनरेटर बंद केला आणि धुण्याच्या दगडावर बसले. छाती नुसती वरखाली होत होती, शब्द फुटत नव्हता. खांबाकडे बोट केलं. मग कसंबसं म्हणाले, "त्याला सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत जाऊन मेन पाडला, परत आले, म्हणाले, "मेन पाडलाय बाबा, आता किल्ली द्या, मशीन लावू दे." त्यांनी किल्ली मुठीत धरली होती. ते मूठ उघडेनात. मी बोटं सोडवायला गेले तर त्यांनी हात छातीशी घेतला. "आधी सांग."

मी बागेतून पळत सुटले. त्या दोनतीनशे पावलांत मी वडिलांवर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. दोन खांब सोडून शिडी लावलेली होती. वर कुणी नव्हतं. खाली बघायचा धीर होईना, पण बघितलं. वायरमन शिडीशेजारी उकिडवा बसून बाटलीने पाणी पीत होता. हातात मोजे नव्हते.

"मी जनरेटर लावला होता," मी म्हणाले. "मेन पाडला नव्हता. आता बंद केलाय."

"कवा?"

"आत्ता. पाच मिनिटांपूर्वी."

त्याने वर तारेकडे पाहिलं. डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, फ्यूज काढून आला होता तो, त्याच्या हिशोबाने तार मेलेली होती. बाटलीला झाकण लावायला लागला, ते बसेना. दोनदा आटे चुकले. "पानी प्यायला उतरलो हुतो," एवढंच म्हणाला.

मी शिव्यांची वाट बघत होते. दोन वर्षं मी ज्याला फोनवर धुऊन काढला त्याने मला तिथे चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "आन्ना मशीनीशिवाय हायेत का मग?"

मी हो म्हणाले.

"मग हितं काय करताय बाई? पळा. तुमचं हुईस्तवर मी वर जात न्हाई."

मी परत आले तेव्हा वडील तसेच दगडावर बसले होते, ओठ जांभळे, मूठ छातीशी. मी म्हणाले, "तो खाली होता बाबा. पाणी पीत होता. सांगितलं त्याला." तेव्हा मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते. मी ती दोन पिनांची वायर उपसून फेकली. वडिलांचा जुना एक्स्टेन्शन बोर्ड माळ्यावर होता, त्याची लांब वायर थेट जनरेटरला लावली आणि बोर्डात फक्त मशीन. पंखा नाही, फ्रीज नाही. ही एवढी सोय पहिल्या दिवसापासून घरात होती आणि आमच्या पूर्ण घराच्या नादात कुणाला सुचली नव्हती. वडिलांच्या ओठांचा रंग परत यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी त्यांच्या ओठांशिवाय कुठेही बघितलं नाही.

मग दुकानदाराने फोन उचलला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळीकडं असंच चालतं. आजवर कुणाला काय झालंय?" मी त्याला ऐकवायला तोंड उघडलं आणि नेमकं आठवलं की गुरुवारी मीही स्वतःला अशीच समजूत घातली होती. तरीही ऐकवलं. माझं चुकलं म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही. भावाचाही फोन आला. त्याने विचारलं, "पण पूर्ण घर चाललं ना?" मी फोन कट केला आणि चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

दुपारी वडिलांना भात भरवताना मी शेवटी विचारलंच, "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? तुमचा विचार मी करायचा नाही तर कुणी करायचा?"

त्यांनी घास गिळला, नळी परत लावून घेतली, थोडा वेळ श्वास घेतला. "मला थोडं कमी पडलं असतं," ते म्हणाले. परत श्वास घेतला. "त्याचं समदं गेलं असतं."

मी ताट उचलून आत गेले आणि भांडी नको तितकी आपटली.

चारला लाइट आली. वडिलांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली, तिच्यातून त्यांची नोकरीतली पक्कड काढली. मुठींना अजून तेच जुनं काळं रबर आहे. "आन ती वायर," म्हणाले. मी मागच्या दारातून ती गोळा करून आणली आणि कापायला पक्कड लावली.

"आधी हात लावून बघ."

"बाबा, दोन्ही पिना माझ्या मांडीवर आहेत. ही कशालाच जोडलेली नाही."

"बघ म्हनतो ना."

मी एका पिनेला उलटा हात लावला, मग दुसरीला, आणि मग वायर मधोमध कापली.